चांद्रसहलीत हजेरी कोणी घेतली?

तिसरीच्या मुलांना विज्ञानकथा वाचायला देते म्हटलं, की मोठी माणसं विचारतात, "त्यांना अजून विज्ञान येतं कुठे?" मी वाद घालत नाही. जॉन हेअर यांचं 'फील्ड ट्रिप टू द मून' (2019) उघडते, चित्रं सगळ्यांना दिसतील असं धरते आणि गप्प राहते. पुस्तकाच्या आत गोष्ट सांगणारा एकही शब्द नाही, त्यामुळे इंग्रजीची अडचण नाही आणि मला वाचून दाखवण्याची सोयही नाही.

पिवळं यान चंद्रावर उतरतं. ही शाळेची बस आहे, हे मुलं लगेच ओळखतात. एक मूल चित्र काढत मागे रेंगाळतं, तिथेच झोपतं आणि यान निघून जातं. वर्गात गलका होतो. "बाईंनी मोजलं नाही?" "जोड्या लावायला नकोत?" सहलीचे नियम सगळ्यांना पाठ आहेत, ते चंद्रावर चालतात का, एवढंच आता बघायचं. मग राखाडी, एकडोळे जीव बाहेर येतात आणि क्रेयॉनवर तुटून पडतात. शेवटी त्या मुलाकडे फक्त राखाडी रंग उरतो. तोच का उरला, हे मी सांगत नाही. मागच्या रांगेतून उत्तर येतं, "तो त्यांच्याकडे सगळीकडे आहेच की!"

त्या एका वाक्यासाठी मी अख्खा तास द्यायला तयार आहे. अनोळखी जग बघायचं आणि तिथल्यांना कशाचं अप्रूप असेल, हे ताडायचं. त्यावर लगेच "म्हणजे गुरुत्वाकर्षण किती पट कमी?" असं विचारलं, की गोष्ट मेलीच. ते नंतर.

डेव्हिड विझनर यांच्या 'ट्यूझडे'ने मात्र वर्गात भांडण लावलं. मंगळवारी संध्याकाळी बेडूक कमळाच्या पानांवर बसून गावावरून उडू लागतात. का, ते पुस्तक सांगत नाही. "जादू आहे," एक गट म्हणाला. "मग पहाटे खाली का पडले? कशाचा तरी चार्ज संपला," असं दुसऱ्या गटाचं म्हणणं. मी निकाल दिला नाही. कारण शोधायला बसलेला गट विज्ञानकथेच्या अंगणात आला होता, हे मात्र खरं.

विझनर यांच्याच 'मिस्टर वफल्स!'मध्ये चिमुकले परग्रहवासी मांजराच्या तावडीत सापडतात आणि घरातल्या मुंग्या त्यांना मदत करतात. परग्रहवासी बोलतात ते नुसत्या आकृत्यांत, पण मुलं ते घडाघडा वाचतात. प्रत्येक जण वेगळं, आणि कोणीच अडखळत नाही!

मराठीत विज्ञानकथेशी पहिली भेट बहुधा उशिरा होते: भा. रा. भागवतांनी आणलेला ज्यूल व्हर्न, मग जयंत नारळीकर. नारळीकरांनी 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेसाठी 'कृष्णविवर' ही कथा टोपणनावाने पाठवली होती. ती कथा कळायला वय लागतं. त्याआधीची पाच-सहा वर्षं राक्षस आणि पऱ्यांनाच का द्यायची?

पुस्तकं मिटल्यावर मी एकच काम देते: आपला रोजचा खेळ चंद्रावर न्या. गुरुत्वाकर्षण इथे येतं, खेळायला लागतं म्हणून. तिथे ते पृथ्वीच्या सुमारे एक षष्ठांश आहे, एवढंच फळ्यावर लिहिते. परवा खो-खो निघाला. खो मिळालेला गडी उडेल, पण थांबेल कसा? मग खांबाला दोरी बांधावी, असं ठरलं. तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, हवा नाही, तर शिट्टी ऐकू येणार नाही. हेल्मेटमध्ये रेडिओ बसवला. त्यावर एका मुलीने हात वर केला: "बाई, रेडिओवर सगळ्यांनाच 'खो' ऐकू जाईल. मग उठायचं कोणी?"