समुद्रातले शेवाळ आणि आपला मासळीचा धंदा

मनोर हे महामार्गावरचे गाव. समुद्र इथून दिसत नाही, पण सातपाटी, मुरबे, डहाणूहून मासळी आणून विकणाऱ्यांची रोजी त्याच पाण्यावर आहे. हे पाणी कधी हिरवट, कधी लालसर होते. रात्री लाटा निळ्या चमकतात. लोक चमत्कार समजतात. खरे तर ती सूक्ष्म शेवाळ आणि तत्सम जीवांची बेसुमार वाढ असते.

या वाढीला खत, ऊन आणि संथ पाणी लागते. पावसाळ्यात वैतरणा-सूर्येचे पाणी शेतातला युरिया व गावांची घाण समुद्रात नेते. त्यातले नत्र आणि स्फुरद हेच शेवाळाचे खत. पाऊस सरून पाणी निवळले, ऊन आत शिरले की शेवाळ माजते. हिवाळ्यात उत्तरेच्या गार वाऱ्याने वरचे पाणी खाली जाते व तळाचे खत वर येते. पुढे शेवाळ मरून कुजते आणि पाण्यातला प्राणवायू खाऊन टाकते. मासळी पळते, नाहीतर मरते. होड्या दूर जातात, डिझेल-बर्फाचा खर्च वाढतो आणि तो अखेर आपल्या खरेदीत येतो.

निळी चमक देणारा जीव नॉक्टिल्युका. अरबी समुद्रात त्याच्या पोटात हिरवे शेवाळ राहते, म्हणून तो शिकारही करतो आणि उन्हावरही जगतो. हेल्गा गोम्स, जोकिम गोएस यांच्या 2014 च्या अभ्यासात त्याच्या फैलावाचा संबंध कमी प्राणवायूच्या पाण्याशी लावला आहे. मासळीला तो फारसा चालत नाही, जेलीफिशला चालतो. जेलीफिशला आपल्या बाजारात कोण विचारणार?

मग सगळा दोष तारापूरचा? केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत तारापूर 93.69 गुणांनी सर्वांत प्रदूषित ठरले. अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 मध्ये हरित लवादाकडे गेली. 2022 मध्ये लवादाने कारखान्यांवर भरपाई लावली. ती तक्रार रास्तच. पण रसायनाने मासळी थेट मरते, ती गोष्ट वेगळी. शेवाळाला खत घालण्यात आपल्या गटारांचाही वाटा आहे.

रंग बदललेल्या पाण्यातल्या तिसऱ्या-कालवे मात्र घेऊ नयेत. काही शेवाळांचे विष त्यांत साठते आणि शिजवूनही जात नाही.