विमानतळाखालीं गेलेलीं दहा गांवें

पनवेलच्या खाडीकांठीं जेथें उलव्याचा डोंगर होता तेथें आतां विमानें उतरतात. ८ ऑक्टोबर २०२५ रोजीं नवी मुंबई विमानतळाचें उद्घाटन झालें आणि २५ डिसेंबरपासून उतारूंची ने-आण सुरू झाली. तत्पूर्वीं सुमारें एक वर्ष, ११ ऑक्टोबर २०२४ रोजीं, या धांवपट्टीवर जें पहिलें मोठें विमान टेकलें तें उतारूंचें नसून हवाई दलाचें सी-२९५ जातीचें लष्करी विमान होतें. त्या प्रसंगाचा गाजावाजा पुष्कळ झाला. परंतु ज्या जमिनीवर तें विमान उतरलें ती कोणाची, तेथें काय पिकत असे व ती कोणत्या कागदानें हातची गेली, याची चौकशी थोड्यांनींच केली. ती आम्ही येथें करणार आहों.

हें लिहिण्याचें कारण केवळ इतिहासाची हौस नव्हे. उरण, पनवेल व पेण या तीन तालुक्यांतील १२४ गांवांच्या क्षेत्रासाठीं मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणास सरकारनें ऑक्टोबर २०२४ मध्यें नवनगर विकास प्राधिकरण नेमलें आहे. म्हणजे दहा गांवांनीं जें पाहिलें त्यासारखें कांहीं पाहण्याची वेळ आमच्या पुष्कळ वाचकांच्या दाराशीं आली आहे. अलिबागकरांनींही हें परक्याचें प्रकरण समजूं नये. मुंबईच्या दुसऱ्या विमानतळासाठीं एके काळीं रेवस-मांडवा येथील जागेचा विचार झाला होता. पुढें ती मागें पडून पनवेलची जागा ठरली, इतकेंच.

जमिनीची पूर्वस्थिति

तरघर, कोंबडभुजे, गणेशपुरी, उलवे, वाघिवलीवाडा, वाघिवली, चिंचपाडा, कोपर, कोल्ही व वरचे ओवळे हीं तीं दहा गांवें. एका अंगास गाढी नदी, दुसऱ्या अंगास उलवे नदी व समोर पनवेलची खाडी, अशी ही भूमि. यांतील पुष्कळशी जमीन समुद्रानें दिलेली नसून माणसानें त्याच्यापासून घेतलेली. भरतीचें पाणी अडविण्यास बाहेरचा मोठा बांध, पावसाचें पाणी ओहोटीच्या वेळीं सोडण्यास उघाडी, आणि आंत भाताचीं खाचरें, ही खारजमिनीची रचना आमच्या वाचकांस सांगावयास नको. बांधास एक घळ पडली तर एका रात्रींत खारें पाणी शेतांत शिरतें, आणि तो क्षार पावसानें धुवून निघेपर्यंत पुढचे हंगाम बुडतात. म्हणून बांधाची राखण हें एकट्याचें काम कधींच नव्हतें. ज्याचें खाचर बांधापासून लांब तोही मातीची पाटी घेऊन येई.

अशा जमिनींत कोणतेंही भात टिकत नाहीं. काळा राता व भुरा राता या क्षार सोसणाऱ्या जाती पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्रानें निवडून दिल्या व पुढें पनवेल १, २, ३ हे वाण तेथूनच निघाले. शेतीच्या जोडीस खाडी होती. कोळंबी, खेकडे, निवट्या, कालवें यांवर कित्येक घरांचा बाजारखर्च भागत असे. या उत्पन्नाची नोंद कोणत्याही सरकारी नमुन्यांत होत नव्हती, ही गोष्ट पुढें महत्त्वाची ठरली.

पहिली नोटीस

मुंबईची गर्दी कमी करण्यासाठीं खाडीपलीकडे नवें शहर वसवावें असें ठरून १७ मार्च १९७० रोजीं सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. ठाणें जिल्हा व तेव्हांचा कुलाबा जिल्हा (ज्याचें नांव १९८१ पासून रायगड झालें) यांतील ९५ गांवें या नव्या शहराच्या हद्दींत आलीं. भूसंपादन १८९४ च्या कायद्यान्वयें होणार होतें.

या जुन्या कायद्याची मेख समजून घेतली पाहिजे. कलम ४ ची अधिसूचना ज्या तारखेस निघे त्या तारखेचा बाजारभाव हीच जमिनीची किंमत. त्यानंतर रस्ता झाला, पूल झाला, शेजारीं शहर उठलें, तरी त्या वाढीचा पैसा मूळ मालकास मिळत नसे. शिवाय जमिनीचा ज्या कामासाठीं उपयोग व्हावयाचा त्यामुळें वाढणारी किंमतही हिशेबांत धरावयाची नाहीं, असें कायद्यांतच लिहिलेलें होतें. परिणाम असा झाला कीं, शेतकऱ्यास भातशेताची किंमत मिळाली आणि तेंच शेत पुढें शहराचा भूखंड म्हणून विकलें गेलें. ज्यांस रोख रक्कम मिळाली त्यांपैकीं अनेकांची ती लग्नकार्यांत, कर्जफेडींत व घराच्या कौलांत संपली. जमीन मात्र पुन्हां आली नाहीं.

या अन्यायाविरुद्ध जासईचे दि. बा. पाटील यांनीं शेतकऱ्यांस संघटित केलें. १९८४ च्या जानेवारीच्या १६ व १७ तारखेस उरण तालुक्यांत पोलिसांचा गोळीबार होऊन पांच शेतकरी मृत्यु पावले. पुढें १९९० सालीं साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचा निर्णय सरकारनें केला, तो या लढ्याचें फळ होय. विमानतळास पाटील यांचें नांव द्यावें असा ठराव राज्याच्या विधिमंडळानें २०२२ सालीं केला, त्याचें मूळही येथेंच आहे.

टक्क्यांचा हिशेब

केंद्र सरकारनें विमानतळास २००७ सालीं तत्त्वतः मान्यता दिली व २०१० च्या नोव्हेंबरांत पर्यावरण खात्याची परवानगी मिळाली. एकूण क्षेत्र ११६० हेक्टर. त्यासाठीं सुमारें ९० मीटर उंचीचा उलव्याचा डोंगर फोडावयाचा, उलवे नदीचा प्रवाह वळवावयाचा, खारजमिनीवर भराव घालावयाचा आणि सुमारें तीन हजार कुटुंबें हलवावयाचीं होतीं. येथें मात्र गांवकरी पूर्वीसारखे अजाण नव्हते. पुष्कळ बोलणीं होऊन, ज्या जमिनी अद्याप संपादन व्हावयाच्या होत्या त्यांच्या बदल्यांत साडेबावीस टक्के विकसित जमीन, आणि घराच्या बदल्यांत घराच्या क्षेत्राच्या तिप्पट भूखंड, असें ठरलें.

हे टक्के ऐकावयास गोड वाटतात, म्हणून त्यांचा हिशेब करून पाहूं. एखाद्याची जमीन शंभर गुंठे गेली. साडेबारा टक्क्यांनीं साडेबारा गुंठे झाले. परंतु त्यांतून तीस टक्के सार्वजनिक सोयींसाठीं कापून घेतात. म्हणजे हातीं पावणेनऊ गुंठे येतात. साडेबावीस टक्क्यांची गोष्ट तीच. कपात जाऊन पावणेसोळा गुंठे उरतात. हे गुंठे भाताचे नसून शहराचे, तेव्हां त्यांची किंमत मोठी, हें खरें. परंतु ते ताब्यांत येण्यास वर्षें लागलीं तर मधल्या काळांत कुटुंबानें काय खावें? आणि चार भावांत पावणेनऊ गुंठे वांटले तर प्रत्येकास सव्वादोन गुंठेही पुरते येत नाहींत. सारांश, टक्का विचारण्यापूर्वीं तीन गोष्टी विचाराव्या: कपात जाऊन किती, कोणत्या ठिकाणीं, व किती मुदतींत.

जें मोजलें गेलें नाहीं

कागदावर जें असतें त्याचीच भरपाई होते. खाडींत जाळें टाकणाऱ्याची खाडी उताऱ्यावर नसते. दुसऱ्याच्या खाचरांत पिढ्यान्‌पिढ्या राबणाऱ्या मजुराचें नांव उताऱ्यावर नसतें. कुटुंब वाढलें म्हणून गांवठाणाबाहेर बांधलेलीं जीं घरें, ज्यांस इकडे 'गरजेपोटीं बांधलेलीं घरें' म्हणतात, तीं नियमांत बसत नाहींत. आपल्या किनाऱ्यास हा धडा नवा नव्हे. १९३३ पासून १९३९ पर्यंत अलिबाग तालुक्यांत चरीचा शेतकरी संप चालला, त्याच्या मुळाशीं जमीन कसणारा एक व कागदावर नांव दुसऱ्याचें हेंच दुःख होतें.

शेजारच्या गांवांचाही प्रश्न आहे. खारजमीन ही भरतीच्या व पावसाच्या पाण्यास पसरावयाची जागा असते. तेथें कित्येक मीटर भराव पडला कीं पाणी नाहींसें होत नाहीं, तें शेजाऱ्याकडे जातें. विमानतळालगतच्या पारगांव-डुंगी भागांत भरावानंतर पावसाळ्यांत पाणी शिरूं लागल्याची तक्रार तेथील रहिवाशांनीं वारंवार केली आहे.

जमीन न जातांही तिच्यावर बंधन येतें, याचें जुनें उदाहरण पुण्याजवळील लोहगांव होय. तुकाराम महाराजांचें हें आजोळ. मुंबईच्या हवाई संरक्षणासाठीं १९३९ सालीं तेथें लष्करी विमानतळ झाला व आज तो हवाई दलाचा मोठा तळ आहे. लष्करी तळाभोवतालच्या जमिनीवर बांधकाम रोखण्याचा अधिकार सरकारास १९०३ च्या कायद्यानें आहे. त्यामुळें अशा तळाच्या कुंपणाबाहेरचा मालक उताऱ्यावर मालकच राहतो, पण घर बांधतांना त्यास परवानगीची वाट पाहावी लागते. उतारूंच्या विमानतळाभोवतींही वीस किलोमीटरपर्यंत इमारतीच्या उंचीवर नियंत्रण असतें. धांवपट्टीपासून आपलें गांव दूर आहे एवढ्यानें निश्चिंत राहतां येत नाहीं.

वाचकांनीं आतां काय करावें

आम्ही महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालों. त्या काळांत एक प्रसंग पुनःपुन्हां पाहिला तो असा. नोटीस येते, गांव जागा होतो, आणि उतारा काढल्यावर कळतें कीं जमीन अजून वारलेल्या आजोबांच्या नांवावर आहे. मग वारस शोधण्याची धांवपळ, मुंबईस गेलेल्या चुलत्याची मनधरणी, बहिणीच्या सहीवरून रुसवेफुगवे, आणि शेवटीं दावा. इतक्यांत मोबदल्याची रक्कम कोर्टांत जमा होऊन पडते व मूळ मालकाचे नातू तारखा मोजीत बसतात. यांत सरकारचा दोष असेल तो असो. अर्धा दोष आमच्या आळसाचा असतो.

म्हणून नोटिशीची वाट न पाहतां पुढील गोष्टी कराव्या. पहिली, सात-बारा, आठ-अ व फेरफाराच्या नकला काढून नांव, गट नंबर व क्षेत्र ताडून पाहावें. वारसनोंद राहिली असल्यास तलाठ्याकडे, ज्यांस आतां ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, लगेच अर्ज द्यावा. मुलींचा वाटा कायद्यानें मुलांइतकाच आहे. बहिणीचें नांव लपविल्यानें काम सोपें होत नाहीं, तें पुढें अडतें.

दुसरी गोष्ट पोटखराबाची. बांधालगतचा जो तुकडा बापानें माती ओढून लागवडीस आणला तो उताऱ्यावर अजून पोटखराबच दिसत असेल, तर मोजणी करून दुरुस्ती मागावी. तिसरी, दर हंगामीं पीक पाहणी नोंदवावी. आंबा, माड, ताड, चिंच यांची झाडें प्रत्यक्ष शेतांत उभीं असून कागदावर नसलीं, तर मोबदल्याच्या वेळीं तीं मान्य करून घेणें कठीण जातें. चौथी, कूळ असेल त्यानें आपला हक्क नोंदला आहे कीं नाहीं तें पाहावें, व मालकानेंही तो मोकळ्या मनानें मान्य करावा. पांचवी, घराची ग्रामपंचायतीकडील नोंद व घरपट्टीच्या पावत्या जपून ठेवाव्या.

कायदाही पूर्वीचा राहिलेला नाहीं, हें ध्यानांत असावें. जुन्या कायद्यांत बाजारभावावर सक्तीच्या संपादनाबद्दल पंधरा टक्के व १९८४ नंतर तीस टक्के अधिक मिळत. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यांत ही जादा रक्कम शंभर टक्के झाली आहे, व ग्रामीण भागांत मूळ बाजारभावही दोन पटींपर्यंत धरतां येतो. तीन वर्षें त्या क्षेत्रांत राबून ज्यांचें पोट त्यावर अवलंबून आहे अशा कुळांस, मजुरांस व मासेमारी करणाऱ्यांस बाधित कुटुंब मानण्याची तरतूदही त्यांत आहे. प्राथमिक अधिसूचनेपासून साठ दिवसांत लेखी हरकत देतां येते. रक्कम घेतांना 'हक्क राखून घेतली' असें लिहून न दिल्यास वाढीव मोबदला मागण्याची वाट बंद होते. संमतीचा करार केल्यासही ती बंद होते. म्हणून सहीपूर्वीं करार घरीं आणून जाणत्याकडून वाचून घ्यावा. न वाचतां केलेली सही मागाहून पुसतां येत नाहीं.

विमानतळ व्हावा कीं न व्हावा, या वादांत आम्ही शिरत नाहीं. तो झाला आहे. त्या दहा गांवांचे लोक आज वडघर, वहाळ, करंजाडे या बाजूस नव्या वसाहतींत राहतात व त्यांच्या मुलांपैकीं कांहीं जणांस त्याच विमानतळावर काम मिळावें अशी त्यांची रास्त अपेक्षा आहे. १२४ गांवांच्या शेतकऱ्यांनीं त्यांच्याकडे एकदां जाऊन यावें, काय मिळालें व काय राहिलें तें त्यांच्याच तोंडून ऐकावें, आणि परत येतांना वाटेंत तलाठी कचेरींत उतरून आपला उतारा काढावा.