फुजी ते अवचितगड

तुमच्या ग्रुपमधल्या निदान एकाच्या मोबाइल कव्हरवर, टी-शर्टवर नाहीतर लॅपटॉपच्या स्टिकरवर ती असणारच. निळीशार, पंजे उगारून अंगावर येणारी लाट. तिच्या तावडीत सापडलेल्या तीन होड्या. आणि मागे, लाटेच्या खोबणीत, टेकडीएवढा दिसणारा फुजी पर्वत. होकुसाई या जपानी चित्रकाराची ही लाट 2024 पासून जपानच्या हजार येनच्या नोटेवरही आली आहे. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च 2023 मध्ये, न्यूयॉर्कला ख्रिस्तीजच्या लिलावात तिची एक जुनी प्रत सुमारे 27 लाख 60 हजार डॉलरला विकली गेली. रुपयांत बावीस कोटींच्या वर!

आता गंमत ऐका. 1831 च्या सुमारास ही लाट एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या दुकानात आली, तेव्हा ती साधारण एक-दोन वाट्या नूडल्सच्या पैशांत मिळत होती. आपल्याकडे जत्रेत देवाचा फोटो घ्यावा तशी लोक ती घ्यायचे. ती एकमेव नव्हती, हजारो छापल्या गेल्या. टिकल्या त्यातल्या थोड्या. म्हणून जुन्या जपानी निसर्गचित्रांच्या ठशांचा छंद हा फक्त अब्जाधीशांचा मामला आहे असं समजू नका. रोह्यात बसून, पॉकेटमनीत, तुम्हीही तो सुरू करू शकता. फक्त आधी नजर कमवायची आणि मग पाकीट काढायचं.

एक चित्र, चार जण

हे ठसे कसे बनायचे, ते आपल्याला समजायला सोपं आहे, कारण पेण आपल्या शेजारी आहे. पेण-हमरापूरच्या कारखान्यात गणपती एका हाताने बनत नाही. मूळ मूर्ती घडवणारा वेगळा, साच्यातून काढणारा वेगळा, रंगवणारा वेगळा आणि डोळ्यांची आखणी करणारा तर खासच. जपानमध्येही तसंच होतं. चित्रकार पातळ कागदावर रेखाटन करायचा. ते लाकडाच्या फळीवर उलटं चिकटवून कोरणारा कोरायचा. फळी बहुतेक वेळा रानटी चेरीची, कारण ते लाकूड टणक आणि एकसारखं असतं. प्रत्येक रंगाला साधारण वेगळा ठोकळा. मग छापणारा ठोकळ्यावर रंग लावून, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीपासून केलेला कागद ठेवून, मागून हाताने घासायचा. घासायच्या त्या गोल चकतीला 'बारेन' म्हणतात. यंत्र कुठेच नाही. या तिघांना कामाला लावणारा, पैसा घालणारा आणि विकणारा चौथा, तो प्रकाशक.

दहा रंग एकमेकांच्या जागी चपखल बसायचे कसे? ठोकळ्याच्या कोपऱ्यात आणि कडेला दोन छोट्या खाचा असायच्या, त्यांना 'केंतो' म्हणतात. दर वेळी कागद त्याच खाचांत टेकवायचा. आकाश वर गडद निळं आणि खाली येताना विरत जाणारं दिसतं ना, ते 'बोकाशी'. छापणारा ठोकळ्यावरचा रंग दर प्रतीला हाताने पुसत पुसत फिका करायचा. म्हणून एकाच ठोकळ्याच्या दोन प्रती अगदी तंतोतंत सारख्या निघत नाहीत. गणपतीचा साचा एक असला तरी आखणी चांगली उतरलेली मूर्ती आपण निवडून घेतो की नाही? संग्राहकही तेच करतो.

दिवा-रोहा आणि तोकाइदो

रोजची दिवा-रोहा गाडी पकडणाऱ्यांना हिरोशिगे हा चित्रकार जवळचा वाटेल. एदोहून क्योटोला जाणारा तोकाइदो नावाचा जुना रस्ता होता, सुमारे पाचशे किलोमीटरचा. वाटेत 53 मुक्काम. 1833-34 च्या सुमारास हिरोशिगेची त्या मुक्कामांची चित्रमाला आली. सुरुवात आणि शेवट धरून एकूण 55 चित्रं. आपल्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी आपटा, जिते, हमरापूर, पेण, कासू, नागोठणे, निडी, रोहा असं प्रत्येक ठिकाण चित्रात धरून ठेवलं.

त्यातलं शोनो या मुक्कामाचं चित्र शोधून बघाच. तिरपा, सपासप पाऊस. वाकलेली बांबूची बनं. चढावर मेणा घेऊन पळणारे भोई, गवताचं इरलं पांघरलेला एक जण, छत्री सावरत उतरणारा दुसरा. जुलै महिन्यात कोलाड नाक्यावर उभं राहिलेल्याला हा पाऊस समजावून सांगावा लागत नाही. आता त्या छत्रीकडे नीट बघा. सुरुवातीच्या प्रतींत छत्रीवर प्रकाशकाचं नाव आणि मालिकेचं नाव छापलेलं आहे. चक्क जाहिरात! नंतरच्या प्रतींत ती अक्षरं काढून टाकली. प्रत जुनी की नंतरची, हे सांगणारा हा एक छोटासा पुरावा.

लाटेच्या चित्रातही असंच आहे. डाव्या कोपऱ्यातल्या शीर्षकाच्या चौकटीची रेघ सुरुवातीच्या प्रतींत अखंड आहे. ठोकळा झिजत गेला तशी ती तुटत गेली. ब्रिटिश म्युझियममधल्या एका संशोधिकेने जगभरातल्या शंभराहून जास्त प्रतींच्या अशा तुटलेल्या रेघा तपासून कुठली आधीची आणि कुठली नंतरची, याचा क्रम लावला.

अजिंठ्याला आलेला जपानी पाहुणा

हा छंद आपल्या मातीशी थेट जोडणारा माणूस म्हणजे हिरोशी योशिदा. जन्म 1876 चा, डोंगर चढण्याचं वेड असलेला चित्रकार. 1930 च्या शेवटी तो मुलगा तोशीला घेऊन भारतात आला आणि कांचनजंगापासून मदुराईपर्यंत फिरला. परतल्यावर त्याने भारत आणि आग्नेय आशियाची ठशांची मालिका केली. तिच्यात ताजमहालाची सहा चित्रं आहेत, बनारसचा घाट आहे. आणि आपल्या महाराष्ट्रातली अजिंठ्याची लेणी आणि वेरूळचं कैलास मंदिरही आहे. आपल्या कातळाला जपानी कारागिराच्या हाताने, जपानी कागदावर कसा रंग चढला, ते बघण्यासारखं आहे.

योशिदा छापखान्यात कारागिरांच्या डोक्यावर उभा राहायचा. त्याच्या देखरेखीखाली छापलेल्या प्रतींच्या समासात बहुतेक वेळा 'जिझुरी', म्हणजे 'स्वतः छापलेलं' असा शिक्का असतो. 1950 मध्ये तो गेला. त्यानंतरही त्याच ठोकळ्यांवरून प्रती निघत राहिल्या. त्या खोट्या नव्हेत, पण दोघींच्या किमतीत मोठा फरक. म्हणून विक्रेत्याला पहिला प्रश्न हाच: समासाचा फोटो आहे का?

योशिदाच्याच काळात हासुई कावासे नावाचा आणखी एक अवलिया होऊन गेला. बर्फ, पाऊस आणि रात्र ही त्याची खासियत. 1 सप्टेंबर 1923 च्या टोकियोच्या भूकंपात आणि आगीत त्याच्या प्रकाशकाचे ठोकळे आणि शिल्लक माल जळाला. हासुईच्या स्केचबुकाही गेल्या. भूकंपाआधीच्या त्याच्या प्रतींना म्हणूनच आज वेगळा भाव आहे. अ‍ॅपलचे स्टीव्ह जॉब्स हासुईच्या प्रती आवडीने जमवायचे.

खिसा फाटका, नजर धारदार

पण तुमचा खरा आदर्श जॉब्स नव्हे, व्हॅन गॉग. 1886-87 च्या हिवाळ्यात पॅरिसमध्ये, खिशात दमडी नसताना, त्याने एका व्यापाऱ्याकडून शेकड्यांनी जपानी ठसे उचलले. तेव्हा ते फार स्वस्त होते. एका कॅफेत प्रदर्शन मांडून विकायचा बेत होता, तो फसला. चित्रं त्याच्याकडेच राहिली आणि तो ती बघत राहिला. हिरोशिगेच्या पुलावरच्या पावसाची त्याने तैलरंगात नक्कलही केली. त्याचा आणि भाऊ थिओचा तो संग्रह आज अ‍ॅमस्टरडॅमच्या संग्रहालयात आहे. धंदा बुडाला, पण नजर तयार झाली.

तुम्ही पहिले सहा महिने एक रुपयाही खर्च करू नका. न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन म्युझियम, शिकागोचं आर्ट इन्स्टिट्यूट यांनी अशा चित्रांचे मोठे फोटो फुकट उघडे ठेवले आहेत. युकियो-ए डॉट ऑर्ग या साइटवर दोन लाखांहून जास्त ठसे आहेत. तिथे फोटो टाकला की त्याच चित्राच्या वेगवेगळ्या संग्रहालयांतल्या प्रती शेजारी शेजारी दिसतात. रोज एक जोडी घ्या आणि फरक शोधा. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटांनी दिलेल्या संग्रहातल्या जपानी कलावस्तू बघून या. खरी वस्तू डोळ्यासमोर असली की स्क्रीनवरची सवय मोडते.

घ्यायचंच झालं तर लाटेच्या मागे धावू नका. होकुसाईची 'मांगा' नावाची रेखाटनांची 15 भागांची पुस्तकं होती. पहिला भाग 1814 चा. त्यांची सुटी पानं आजही काही हजार रुपयांत मिळू शकतात. फार प्रसिद्ध नसलेल्या चित्रकारांचे छोटे ठसे, नंतरच्या आवृत्त्या याही आवाक्यात येतात. परदेशातून मागवताना कुरिअर आणि कस्टमचा खर्च आधी धरा, नाहीतर चित्राएवढंच बिल त्याचं यायचं.

फसायचं नसेल तर

'जुनं, अस्सल, शेवटचा एक तुकडा' असं लिहिलेलं दिसलं की आधी थांबा. मग हे बघा.

भिंग घ्या. रंगात एकसारखे बारीक ठिपके जाळीसारखे दिसले तर तो ऑफसेटचा छापील कागद. लाकडी ठशात रंग सपाट उतरतो, कधी लाकडाच्या रेषाही दिसतात.

कागद उलटा करा. हाताने घासून छापलेल्या कागदात रंग मागच्या बाजूपर्यंत मुरलेला असतो. बारेनच्या गोल खुणा दिसू शकतात. विक्रेता मागचा फोटो द्यायला तयार नसेल तर राम राम करा.

समास कापलेला आहे का, चित्र पुठ्ठ्याला चिकटवलेलं आहे का, घडी किंवा भोकं आहेत का, ते विचारा. यातल्या प्रत्येक गोष्टीने किंमत उतरते.

शेवटचा मुद्दा जरा नाजूक. जुन्या चित्राचे ठोकळे नव्याने कोरून छापलेल्या प्रतीही असतात. त्या हातकामच असतात आणि दिसतातही सुंदर. नवी म्हणून सांगून, नव्याच्या भावात मिळत असेल तर खुशाल घ्या. जुनी म्हणून विकली तर ती फसवणूक.

पागोळ्यांच्या गावात कागद

जपानी कागद चिवट असतो, पण रोह्याचा पाऊस त्याच्याहून चिवट. चार महिने कपाटात ओल, भिंतीला पोपडे, पुस्तकांना कसर. चित्र बाहेरच्या भिंतीवर लावू नका, आतल्या कोरड्या भिंतीवर लावा. फ्रेम करताना काच चित्राला टेकू देऊ नका. मध्ये आम्लरहित पुठ्ठ्याची चौकट हवी. उन्हात तर अजिबात नको, जुने वनस्पतीचे रंग उडतात आणि परत येत नाहीत. सेलोटेप आणि फेव्हिकॉल यांना बंदी. आणि कृपा करून लॅमिनेशन नको! दुकानदार कितीही प्रेमाने म्हणाला तरी नको. पावसाळा सरला की एखाद्या कोरड्या दिवशी सावलीत फ्रेम उघडून मागची बाजू तपासा.

आपला फुजी कुठला?

तोकाइदोच्या बाजूने रेल्वे आली, 1889 मध्ये टोकियो-कोबे लाइन पूर्ण झाली, आणि तो पायी प्रवास संपला. आज त्या रस्त्यावर महामार्ग आणि इमारती आहेत. चढावरचे भोई, मुक्कामावरची चहाची दुकानं, नदी पार करून देणारे हमाल हे सगळं कसं दिसत होतं, ते लोक आज हिरोशिगेच्या चित्रात बघतात. नूडल्सच्या भावात विकलेल्या कागदांनी एक अख्खा रस्ता वाचवला.

आता आपल्याकडे बघा. कोकण रेल्वे रोह्यापासून पुढे गेली. मुंबई-गोवा महामार्ग रुंद होता होता झाडं गेली, वळणं गेली. धाटावचे कारखाने येण्याआधीचा कुंडलिकेचा काठ कसा होता? तो कुणी चित्रात धरून ठेवलाय? असलाच तर तो कुणाच्या तरी माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आहे. जुनी पोस्टकार्डं, दुकानाची कॅलेंडरं, काडेपेटीची लेबलं, लग्नाच्या फोटोत मागे आलेला पूल. रवि वर्मांच्या छापखान्यातली चित्रंही अशाच घरांत सापडतात. तो छापखाना 1894 मध्ये मुंबईत निघाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. जपानी ठसे बघून तयार झालेली नजर इथे कामी येते. आजीला विचारा, पेटी उघडा, भिंग काढा. रद्दीवाल्याच्या आधी तुम्ही पोचलं पाहिजे.

इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा दिलेल्यांनी आणखी एक करावं. लिनोची शीट आणि कोरण्या आणा. होकुसाईने फुजीची 36 दृश्यं म्हणून सुरुवात केली आणि 46 वर थांबला. एका चित्रात तर पिंप बनवणाऱ्याच्या भल्यामोठ्या गोल पिंपातून इवलासा फुजी दिसतो. तुम्ही अवचितगड घ्या. स्टेशनवरून दिसणारा, पुलावरून दिसणारा, टपरीच्या पत्र्याखालून दिसणारा, ढगात हरवलेला. पहिलं दृश्य कोरा, दहा प्रती काढा, नऊ मित्रांना वाटा. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलने जागा आणि तारीख लिहायला मात्र विसरू नका. पुढे कुणीतरी भिंग घेऊन तीच शोधत असेल.