कंपनरोबो

कंपनरोबो हा चाके किंवा सांध्यांचे पाय नसलेला, केवळ अंगातील थरथरीच्या जोरावर सरकणारा छोटा यंत्रमानव आहे. भ्रमणध्वनीतील कंपन-मोटार, एक सेल आणि दात घासण्याच्या ब्रशचे डोके एवढ्यावर त्याचे सर्वांत साधे रूप तयार होते. मात्र तो दिशाहीन भटकतो. दोन मोटारी, सूक्ष्मनियंत्रक आणि अवरक्त ग्राहक जोडल्यास तो दूरचित्रवाणीच्या रिमोटने वळवता येतो. प्रस्तुत लेख मुख्यतः या दूरनियंत्रित प्रकाराविषयी आहे.

तत्त्व

कंपन-मोटारीच्या अक्षावर एका बाजूला झुकलेले वजन असते. ते फिरू लागले की केंद्रोत्सारी बलाची दिशा सतत पालटते आणि मोटार ज्या वस्तूला चिकटवली असेल ती थरथरते. हे बल वाटते त्यापेक्षा बरेच मोठे असते. उदाहरणार्थ, ०.५ ग्रॅम वजन अक्षापासून १ मिलिमीटर अंतरावर मिनिटाला १२,००० फेऱ्या घेत असेल, तर सुमारे ०.८ न्यूटन बल निर्माण होते. १५ ग्रॅमच्या रोबोच्या भाराच्या ते पाचपटीहून अधिक आहे. म्हणूनच असा रोबो प्रत्येक फेरीत जमिनीवरून किंचित उचलला जातो.

परंतु पुढे-मागे सारखीच होणारी थरथर कोणालाही कोठे नेत नाही. गती मिळते ती घर्षणातील विषमतेमुळे. ब्रशचे केस एका बाजूला कललेले असतील, तर खाली दाबले जाताना ते वाकतात आणि अंग पुढे ढकलतात. अंग वर उचलले जाताना त्यांची पकड सुटते व टोके नव्या जागी येतात. गवताचे कुसळ कपड्यात शिरले की चालणाऱ्याच्या प्रत्येक हालचालीबरोबर पुढेच सरकते, मागे येत नाही, त्यामागेही हेच कारण आहे. कुसळावरचे बारीक काटे एकाच दिशेला वळलेले असतात.

हेच तत्त्व उलट्या बाजूने उद्योगातही दिसते. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातील राजूर हे कोळसा खाणीचे गाव आहे. कोळसा आकारानुसार वेगळा करण्यासाठी खाण उद्योगात ज्या कंपित चाळण्या वापरतात, त्यांनाही असमतोल वजन फिरवूनच हादरे दिले जातात आणि कोळशाचे तुकडे बारीक उड्या घेत पुढे जातात. तेथे तळ हलतो व माल सरकतो, कंपनरोबोत तळ स्थिर राहतो व यंत्र सरकते.

जडणघडण

बाजारात मिळणारी नाण्याच्या आकाराची मोटार साधारण १० मिलिमीटर व्यासाची असते, ३ व्होल्टवर चालते आणि ८० मिलिअँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. तिचे बल चकतीच्याच पातळीत कार्य करते. ती आडवी चिकटवल्यास रोबो जागच्या जागी थरथरतो वा गरगरतो, उभी बसवल्यास वर-खाली हादरेही मिळतात. अनेक अपयशी नमुन्यांचे कारण एवढेच असते.

दिशा देण्यासाठी ब्रशची दोन डोकी शेजारी-शेजारी, केस मागच्या बाजूला कललेल्या स्थितीत बसवतात व प्रत्येकावर एक मोटार लावतात. दोन्ही मोटारी चालू असता रोबो पुढे जातो. केवळ डावी चालू असता डावी बाजू पुढे सरकते आणि रोबो उजवीकडे वळतो. मागे जाण्याची सोय या रचनेत नाही, कारण केसांचा कल ठरलेला असतो. दोन मोटारी क्वचितच तंतोतंत सारख्या असतात, त्यामुळे ‘सरळ’ जाणारा रोबो हळूहळू एका अंगाला झुकतो. तेज मोटारीला मिळणारी वीज स्पंदांच्या रूपात थोडी कमी करून हा दोष आज्ञावलीतूनच दुरुस्त करतात.

दूरनियंत्रण

घरगुती रिमोट अवरक्त प्रकाशाची उघडझाप सेकंदाला बहुधा ३८,००० वेळा करतो. अवरक्त ग्राहक नेमकी हीच उघडझाप ओळखतो व दिव्यांचा इतर प्रकाश गाळून टाकतो. अनेक रिमोटमध्ये वापरल्या जाणाऱ्या एनईसी पद्धतीत प्रारंभी ९ मिलिसेकंदांचा लांब संकेत, ४.५ मिलिसेकंदांचा विराम आणि त्यानंतर ३२ बिटांचा संदेश असतो. एटीटायनी८५ हा आठ पायांचा सूक्ष्मनियंत्रक तो वाचण्यास पुरेसा आहे. त्याची आज्ञावली-स्मृती ८ किलोबाइट आहे.

सूक्ष्मनियंत्रकाच्या पायातून मोटार थेट चालवू नये. त्या पायाची कमाल मर्यादा ४० मिलिअँपिअर आहे आणि मोटारीला त्याच्या दुप्पट प्रवाह लागतो. मध्ये २एन२२२२ सारखा ट्रान्झिस्टर, त्याच्या बेसला १ किलोओहमचा रोधक आणि मोटारीला समांतर उलटा डायोड जोडतात. मोटार बंद होताना उसळणारा व्होल्टेज हा डायोड पोटात घेतो.

बटण दाबून धरले असता एनईसी रिमोट दर ११० मिलिसेकंदांनी पुनरावृत्तीचा संकेत पाठवतो, पण बटण सोडल्याचा संकेत पाठवत नाही. म्हणून सुमारे २०० मिलिसेकंद काहीच न आल्यास मोटारी थांबवाव्यात, अशी अट आज्ञावलीत घालावी लागते. ती नसेल तर रोबो शेवटची आज्ञा पाळत टेबलावरून खाली पडतो. प्रखर उन्हात अवरक्त ग्राहक दिपून जातो. विदर्भातील दुपारी हा रोबो अंगणात चालवण्याचा आग्रह धरू नये, सावलीतील फरशी उत्तम.

वीजपुरवठा

सीआर२०३२ हा बटन सेल आकाराने सोयीचा असला तरी तो अल्प प्रवाहासाठी बनवलेला असतो. दोन मोटारी सुरू होताच त्याचा व्होल्टेज घसरतो आणि सूक्ष्मनियंत्रक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. पाहणाऱ्याला मात्र रिमोट बिघडल्याचा भास होतो. छोटा ३.७ व्होल्टचा लिथियम-पॉलिमर सेल अधिक योग्य ठरतो. १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पुरवठ्यावर जोडल्यास मोटारींचा विद्युत गोंगाटही कमी होतो.

इतिहास आणि संशोधन

अमेरिकेत १९४० च्या दशकात थरथरणाऱ्या पत्र्यावर खेळाडूंच्या बाहुल्या सरकवण्याचा विजेवरचा फुटबॉल खेळ विक्रीस आला. ब्रशच्या डोक्याचा रोबो २००७ मध्ये विंडेल ऑस्के व लेनोर एडमन यांच्या ‘इव्हिल मॅड सायंटिस्ट लॅबोरेटरीज’मुळे लोकप्रिय झाला.

ही केवळ खेळण्याची कल्पना राहिली नाही. हार्वर्ड विद्यापीठात मायकेल रुबेनस्टाइन, राधिका नागपाल आणि सहकाऱ्यांनी घडवलेला ‘किलोबॉट’ ३३ मिलिमीटर व्यासाचा असून तीन ताठ पायांवर, दोन कंपन-मोटारींनी सरकतो. वर टांगलेल्या अवरक्त नियंत्रकाकडून सर्व किलोबॉटांना एकाच वेळी आज्ञावली देता येते. आपण किती सरकलो हे त्याला स्वतःला मोजता येत नाही; शेजाऱ्याकडून आलेल्या प्रकाशाच्या तीव्रतेवरून तो अंतर ठरवतो. २०१४ मध्ये अशा १,०२४ रोबोंनी मिळून तारा व ‘के’ अक्षर यांसारखे आकार रचले. हजाराच्या संख्येत रोबो परवडावेत म्हणूनच चाकांऐवजी स्वस्त कंपन-मोटारी निवडल्या होत्या.

महाराष्ट्रातील संदर्भ

टाकाऊ वस्तूंतून विज्ञान शिकवण्याची परंपरा महाराष्ट्रात रुजलेली आहे. पुण्यातील आयुका संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी अनेक वर्षे अशी खेळणी घडवली; त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पाबळ येथे स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे. केंद्र शासनाच्या २०१६ पासूनच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेत सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी इलेक्ट्रॉनिक्सचे साहित्य शाळेतच मिळते. अशी प्रयोगशाळा नसलेल्या राजूरसारख्या गावातही बहुतेक भाग भंगारातून निघू शकतात: मोटार जुन्या भ्रमणध्वनीतून, अवरक्त ग्राहक बंद पडलेल्या सेट-टॉप बॉक्समधून, डायोड व रोधक जुन्या चार्जरमधून. सूक्ष्मनियंत्रक तेवढा विकत आणावा लागतो आणि त्यात आज्ञावली भरण्यासाठी आर्डुइनो उनोसारखा फलक हाताशी असावा लागतो.

सुरक्षितता

बटन सेल लहान मुलांच्या हाती देऊ नये. २० मिलिमीटर व्यासाचा सेल गिळला गेल्यास अन्ननलिकेत अडकू शकतो. तेथील ओलाव्यातून वीज वाहून तीव्र अल्कली तयार होते आणि सुमारे दोन तासांत गंभीर इजा होऊ शकते. असा संशय आल्यास उलटी करवण्याचा प्रयत्न न करता मुलाला तत्काळ रुग्णालयात न्यावे. रोबोतील सेलचा कप्पा स्क्रूने बंद होणारा असावा. लिथियम-पॉलिमर सेलच्या तारांना सोल्डर करताना दोन्ही टोके एकमेकांना टेकू देऊ नयेत. फुगलेला सेल पुन्हा चार्ज करू नये.