बालाघाटचा विद्यार्थी आणि समाजशास्त्र

कला शाखेच्या विद्यार्थ्याने पदवीसाठी समाजशास्त्र हा विषय निवडला की घरची वडील मंडळी सहसा दोन प्रश्न विचारतात. विषय सोपा आहे काय, आणि तो शिकून नोकरी मिळेल काय? दोन्ही प्रश्न स्वाभाविकच आहेत. परंतु त्यांच्याआधी विचारावयाचा तिसरा प्रश्न बहुधा राहूनच जातो. हे शास्त्र विद्यार्थ्याला नेमके काय करावयास शिकविते? या प्रश्नाचा उलगडा पाठ्यपुस्तकातील व्याख्यांपेक्षा एखाद्या जिल्ह्याच्या उदाहरणाने अधिक चांगला होईल.

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट हा तसा जिल्हा आहे. भंडारा, मंडला व शिवनी या जिल्ह्यांतील काही मुलूख एकत्र करून 1867 साली तो निर्माण झाला. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत भंडारा तत्कालीन मुंबई राज्यात गेला आणि बालाघाट मध्य प्रदेशातच राहिला. राज्याची सीमा आखली गेली, पण सोयरिकी तुटल्या नाहीत. आजही या जिल्ह्यातील महाविद्यालयाच्या एकाच वर्गात घरी पोवारी बोलणारा, गोंडी बोलणारा, हिंदी बोलणारा आणि मराठी मुलखात आजोळ असणारा असे विद्यार्थी शेजारी शेजारी बसलेले असू शकतात.

या वर्गात विवाहाचा विषय निघाला तर काय होईल? गोंड समाजात आते-मामे भावंडांच्या विवाहाला जुनी मान्यता आहे. एका घराने दिलेली मुलगी पुढील पिढीत परत यावी, या अर्थाने त्याला ‘दूध लौटाना’ म्हणतात. मराठी मुलखातील अनेक जातींत मामाच्या मुलीवर भाच्याचा हक्क मानला जाई. उलट, उत्तरेकडील रीत पाळणाऱ्या हिंदू कुटुंबाला असा विवाह बहीण-भावाच्या विवाहासारखाच निषिद्ध वाटतो. प्रत्येकास आपली रीत नैसर्गिक आणि दुसऱ्याची चमत्कारिक वाटते. डॉ. इरावती कर्वे यांनी भारतातील आप्तसंबंधांवरील आपल्या 1953 च्या ग्रंथात उत्तर व दक्षिण या दोन पद्धतींमधील हाच भेद उलगडून दाखविला. आपल्याला जे नैसर्गिक वाटते ते पुष्कळदा समाजाने घालून दिलेले असते, हा समाजशास्त्राचा पहिला धडा. बालाघाटच्या विद्यार्थ्याला तो बाकावरच्या शेजाऱ्याकडूनही मिळू शकतो.

दुसरा धडा पुराव्याचा. 2011 च्या जनगणनेत बालाघाट जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1021 स्त्रिया होत्या. मध्य प्रदेशाचा आकडा 931 होता आणि राज्यातील सर्व जिल्ह्यांत बालाघाट अग्रस्थानी होता. हा आकडा वाचून एकजण म्हणेल, येथे मुलीला मुलाइतकाच मान आहे. दुसरा म्हणेल, पुरुष मजुरीसाठी बाहेरगावी गेले असतील. दोघेही घाईने बोलतात. त्याच जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याचा आकडा 1122 होता, आणि तेथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आले, हे त्याचे मोठे कारण मानले जाते. मग बालाघाटचे कारण कोणते?

ते ठरविण्याची एक रीत आहे. कारण स्थलांतर असेल, तर पुरुषांची उणीव मुख्यतः कमावत्या वयात दिसली पाहिजे. मुलींना समान जपले जात असेल, तर सहा वर्षांखालील मुलींच्या संख्येतही ते दिसले पाहिजे. स्त्रिया अधिक वर्षे जगत असतील, तर त्याची खूण म्हाताऱ्या माणसांत उमटेल. मग बैहरच्या डोंगराळ भागातील आदिवासी गावे आणि वारासिवनी, लांजीकडील भाताची गावे यांची तुलना करावयाची, आणि अखेरीस घरोघर जाऊन विचारावयाचे. इतके करूनही स्त्रीच्या नावावर जमीन आहे काय, तिच्या शब्दाला घरात वजन आहे काय, हे प्रश्न उरतातच. संख्या म्हणजे सन्मान नव्हे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खेम याने 1897 साली आत्महत्येसारखी अत्यंत खाजगी वाटणारी घटना आकड्यांच्या अशाच तुलनेने अभ्यासिली होती.

मुंबई विद्यापीठात 1919 साली या विषयाचा विभाग सुरू झाला. पॅट्रिक गेडिस त्याचे पहिले प्रमुख. 1924 पासून डॉ. गो. स. घुर्ये यांनी तो वाढविला. पुढे श्यामाचरण दुबे यांनी हैदराबादजवळच्या शामीरपेट गावाचा अभ्यास 1955 साली ग्रंथरूपाने मांडला आणि एका खेड्यातूनही समाजाचे केवढे दर्शन घडते ते दाखविले.

बालाघाटविषयीही लिहिले गेले आहे. सी. ई. लो यांचे जिल्हा गॅझेटियर 1907 चे. रसेल व रायबहादुर हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील चार खंड 1916 चे. व्हेरियर एल्विन यांचा बैगा जमातीवरील ग्रंथ 1939 चा. नांगराने धरणीमातेची छाती फाडावयाची नाही, म्हणून बेवर पद्धतीची फिरती शेती करणाऱ्या बैगांना सरकारी दप्तराने जंगलाचे वैरी ठरविले होते. एल्विन यांनी त्यांची बाजू समजावून सांगितली. पण हे सारे लेखक बाहेरून आलेले. ज्यांच्याविषयी लिहिले गेले, त्यांना आपल्याविषयी काय लिहिले आहे हे वाचताही येत नव्हते.

आज त्याच गावांतील मुले-मुली पदवीच्या वर्गात येऊ लागली आहेत. मध्य प्रदेशात 2021 पासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमात प्रकल्पकार्यालाही स्थान आहे. अशा वेळी बाजारातील प्रश्नोत्तरांची पुस्तिका पाठ करून, दुसऱ्याचा प्रकल्प उतरवून पदवी घेतली, तर केवळ गुणांचे नव्हे, जिल्ह्याचे नुकसान होते. स्वतःविषयी स्वतः बोलण्याची संधी पुन्हा हुकते.

राहिले पहिले दोन प्रश्न. विषय पाठांतराला सोपा आणि समजून घ्यावयास कठीण आहे. नोकरीचे म्हणाल तर अध्यापन, समाजकार्य, सर्वेक्षण आणि स्पर्धा परीक्षा या वाटा आहेत. मात्र केवळ पदवी कोणालाही नोकरीची हमी देत नाही. परंतु ऐकीव गोष्टीला पुरावा मागणारा आणि शेजाऱ्याची रीत हसण्यावारी न नेता समजून घेणारा पदवीधर ज्या गावात परत जाईल, त्या गावाला त्याच्या शिक्षणाचा उपयोग झाल्यावाचून राहणार नाही.