पेटीतला ओव्हरकोट

डिसेंबर लागला की नागपुरात थंडी जाणवू लागते. तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरची दुकाने लागतात आणि वस्तीत घरोघरी पेट्या उघडून गरम कपड्यांना ऊन दाखवले जाते. गेल्या हिवाळ्यात आमच्या घरी याच दिवसांत एक वाद झाला. आमच्या चिरंजीवांना बाजारातून जुना लोकरी ओव्हरकोट विकत घ्यायचा होता. कॉलेजातल्या मुलांत म्हणे अशा जुन्या कोटांची मोठी हौस आहे. आमच्या आईने ऐकले मात्र, ती कडाडली, "लोकायचं जुनेर माह्या घरात नोको आणू रे!"

नातवाला हा राग कळला नाही. आम्हाला कळला. मनुस्मृतीने चांडाळांना प्रेताची वस्त्रे नेमून दिली होती. गावगाड्यात आमच्या पूर्वजांच्या वाट्याला मढ्यावरचे कापड आणि मालकाच्या अंगावरचे उतरलेले कपडे येत. धड कपडा घालून वेशीतून गेले तर मार बसे. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला त्या ग्रंथाचे दहन झाले. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी आमच्या माता-भगिनींना लुगडे नेसण्याची जुनी रीत आणि जातीची खूण सांगणारे दागिने टाकून द्यायला सांगितले. न्यूयॉर्क-लंडनच्या थंडीत शिकून आलेले बाबासाहेब सुटाबुटात वावरले, तेव्हा लाखो लोकांची मान ताठ झाली. कपड्याचा हा इतिहास ज्या घराने सोसला, तिथल्या म्हातारीला दुसऱ्याचा जुना कोट खुपणारच.

वाद मिटला तो पेटीतल्या कोटामुळे. तळाशी वडिलांचा फौजेतला ओव्हरकोट होता. महार रेजिमेंट १९४१ साली उभी राहिली. आमचे वडील पुढे त्याच रेजिमेंटमध्ये होते. निवृत्त झाल्यावर रात्रपाळीच्या चौकीदारीला ते हाच कोट घालून जात. आईनेच तो नातवाच्या खांद्यावर ठेवला. तोही जुनाच, वापरलेलाच. पण तो घामाने कमावलेला होता, कुणी अंगावर फेकलेला नव्हता.

या जुन्या कोटांत असते तरी काय? आम्ही आमच्या ओळखीच्या शिंपीदादांना विचारले. लोकरीचे कापड विणून झाल्यावर गरम पाण्यात घोटून आटवतात. त्याने वीण मिटते आणि वारा आत शिरत नाही. लोकरीचा तंतू कुरळा असतो, त्यात हवा अडकून राहते आणि तीच ऊब धरते. दुहेरी बटणांच्या कोटात छातीवर कापडाचे दोन पदर येतात. कॉलर उभी केली की कान झाकतात. असा कोट जड खरा, पण नीट सांभाळला तर दोन पिढ्या टिकतो.

यावरून आम्हाला विनयपिटकातली एक गोष्ट आठवली. वैशालीला ऐन हिवाळ्यात, बर्फ पडत असताना, भगवान बुद्ध रात्री उघड्यावर एका चीवरानिशी बसले. प्रहर सरला, थंडी वाजली, तसे त्यांनी दुसरे पांघरले, मग तिसरे, पहाटे चौथे. स्वतः अनुभव घेऊन त्यांनी भिक्षूंना तीन चीवरांची मुभा दिली आणि त्यातली संघाटी दुपदरी ठेवली. दुपदरी संघाटी म्हणजे भिक्षूचा ओव्हरकोटच! शिवाय टाकलेल्या चिंध्या जोडून केलेले पांसुकूल चीवरही संघात मानाचे होते, कारण ते भिक्षू स्वेच्छेने घेई. लादलेले जुने आणि आपण निवडलेले जुने यांतला फरक तथागतांच्या संघानेच दाखवला आहे.

म्हणून तरुणांनी जुना कोट जरूर घ्यावा, फक्त पारखून घ्यावा. उन्हासमोर धरला की कसर लागलेली भोके दिसतात. बाही शिंपी कमी करून देतो, खांदा मात्र मापाचाच हवा. अस्तर फाटले तर नवे लावता येते. घरी गरम पाण्यात धुऊ नये, लोकर आटते. ब्रशने झाडून, ऊन दाखवून, कडुलिंबाचा वाळका पाला घालून ठेवावा.

आणि एक विनंती. घरातला जादा कोट रात्रपाळीच्या चौकीदाराला किंवा फुटपाथवरच्या म्हाताऱ्याला द्यायचा असेल, तर आधी धुलाईला द्यावा, तुटलेले बटण लावावे आणि दोन्ही हातांनी द्यावा. घेणाऱ्याला तो जुनेर वाटता कामा नये.

जयभीम!