कप्तानीची टोपी

महिना चार रुपये पगारावर एक तरुण पुण्यात गोऱ्यांच्या जिमखान्यावर कामाला होता. नेट बांधायचे, रोलर ओढायचा, आणि साहेब सरावाला आले की त्यांना चेंडू टाकायचे. जे. जी. ग्रेग हा त्यांतला तरबेज फलंदाज. आपल्याला बाद केले की तो आठ आणे देई, असे सांगतात. या तरुणाची, पालवणकर बाळूची, डावखुरी फिरकी या सरावातच पक्की झाली. फलंदाजी करण्याची संधी मात्र त्याला तिथे मिळाली नाही.

बाळू चर्मकार समाजातला. पुण्याच्या हिंदू संघाला गोऱ्यांना हरवायचे होते आणि त्यासाठी हा गोलंदाज हवाच होता. बरेच वाद होऊन त्याला संघात घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाच्या वेळी मात्र इतरांना कप आणि बाळूला मंडपाबाहेर मातीचे भांडे. जेवणही वेगळे.

अमेरिकेत 1884 साली टोलेडोकडून खेळलेल्या फ्लीटवुड वॉकरनंतर मोठ्या बेसबॉल लीगचे दार काळ्या खेळाडूंना बंद झाले, ते 1947 साली जॅकी रॉबिन्सनने उघडले. आपल्याकडे दार बंद केले नाही. उंबऱ्याच्या आत घेतले आणि पंगतीबाहेर बसवले.

1906 साली मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवले, तेव्हा बाळूने दोन डावांत आठ बळी घेतले. 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघ हरत राहिला, पण एकट्या बाळूचे बळी शंभरावर गेले. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्याचा सत्कार केला. त्यात तरुण भीमराव आंबेडकर पुढे होते.

एवढा पराक्रम गाठीशी असूनही कप्तान करायची वेळ आली की दुसरेच नाव पुढे येई. याला खरा हिसका दिला तो घरच्याच माणसांनी. 1920 साली निवड समितीने पालवणकर घराण्याला पुन्हा डावलले, तेव्हा बाळूचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि हा अपमान जातीमुळे झाल्याचे त्यांनी जाहीरपणे सांगितले. संघातले असे दोन खंदे फलंदाज ऐन स्पर्धेत गमावणे परवडणारे नव्हते. त्यांना परत आणताना बाळूला उपकप्तान करावे लागले. पुढच्या सामन्यात कप्तान एम. डी. पै काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढ्यापुरते संघाचे नेतृत्व बाळूकडे आले.

तीन वर्षांनी, 1923 मध्ये, विठ्ठल हिंदू संघाचा कप्तान झाला आणि त्या वर्षीची चार संघांमधली चौरंगी स्पर्धा हिंदूंनी जिंकली. बाळूची कारकीर्द तोवर संपली होती.